पोटऱ्यांतली वळवळ

निपाणीत विडी वळणाऱ्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर एका बैठकीत बसतात. संध्याकाळी त्यांचे पाय भरून येतात, आडवं झालं की बरं वाटतं. पण काहींचं दुखणं उलट्या चालीचं असतं. पाठ टेकली की पोटऱ्यांत वळवळ सुरू होते, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चाललं की थांबते, पडलं की पुन्हा. मग नातवंडांकडून पाय तुडवून घ्यायचे, पोटरीला फडकं आवळायचं. घरचे म्हणतात, वय झालं. मला हे मुळीच पटत नाही.

शिवरायांच्या राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी, १६७२ साली, थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने असे रुग्ण लिहून ठेवले. झोपेची वेळ म्हणजे त्यांचा छळ होता. त्याने अफूचा अर्क दिला. १८६१मध्ये जर्मनीच्या विटमाकने हा आजार उन्मादाच्या खात्यात टाकला आणि बायकांची तक्रार आणखीच हलकी ठरली.

ती पुन्हा नीट ऐकली स्वीडनच्या कार्ल-अ‍ॅक्सेल एकबोम यांनी. १९४५च्या ग्रंथात त्यांनी 'रेस्टलेस लेग्ज' हे नाव रूढ केलं. त्यांच्याच देशातल्या नॉर्डलँडर यांनी १९५३मध्ये शिरेतून लोह देऊन रुग्णांना आराम पडल्याचं नोंदवलं. रक्तातलं लोह पुरेसं दिसलं तरी शरीरात आत ते कमी असू शकतं, हा त्यांचा तर्क पुढे मेंदूच्या अभ्यासांनी उचलून धरला. हालचालींवर ताबा ठेवणारं डोपामिन हे मेंदूतलं रसायन तयार व्हायला लोह लागतं.

आपल्याकडे लोहाची ही कमतरता फार जवळची आहे. २०१९-२१च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. गरोदरपणात ही वळवळ वाढते, बाळंतपणानंतर बहुतेकींची थांबते. म्हणून डॉक्टरांकडे नुसतं 'पाय दुखतात' सांगू नये, 'पडलं की वळवळतात, चाललं की थांबतात' असं सांगावं. हिमोग्लोबिन ठीक असलं तरी फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासून घ्यावं. या आजारात ते ७५च्या आत असेल तर डॉक्टर लोहाचा विचार करतात. मनाने गोळ्या घेऊ नयेत, आणि जेवणावर लगेच चहा नको, तो लोह शोषू देत नाही. मूत्रपिंडाचा आजार, सर्दीच्या किंवा नैराश्याच्या काही गोळ्या यांनीही त्रास वाढतो, तेव्हा चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. डोपामिनसारखं काम करणाऱ्या गोळ्यांनी सुरुवातीला छान वाटतं, पण वर्षानुवर्षं घेतल्यास वळवळ दुपारीच सुरू होऊ शकते. अशा वेळी आपणच डोस वाढवू नये, डॉक्टरांना गाठावं.