वाड्यातून वसाहतीत

स्मरणिकेसाठी आपल्या वसाहतीची हकिगत लिहा, असे मंडळाने सांगितले तेव्हा मी आधी सासूबाईंजवळ जाऊन बसले.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले. आदल्या रात्रभर जवानांनी वाळूची पोती रचून ते धरून ठेवले होते, म्हणून तरी पाणी दिवसाउजेडी आले. त्या लोंढ्याने खडकवासल्याचेही धरण फुटले आणि शनिवार, नारायण, कसबा अशा मुठेकाठच्या पेठांतले मातीचे वाडे मटकन खाली बसले. सासूबाई तेव्हा दहा वर्षांच्या. त्यांच्या आईने देवघरातला बाळकृष्ण आणि एक तांब्या एवढेच उचलले.

पुण्याचे पाणी खडकवासल्याचे. धरण गेले तसे नळ कोरडे पडले आणि वाड्यांतल्या जुन्या विहिरी लोकांना आठवल्या. एरवी जिथे परक्याला पाऊल टाकू दिले नसते, तिथे रांगा लागल्या. त्या वेळी कोणी कोणाची जात विचारली नाही, असे सगळेच सांगतात. सासूबाई म्हणतात, "आठ दिवस नाही विचारली. नवव्या दिवशी विचारली." मला हेच खरे वाटते.

पुढे कोणी शाळांत, कोणी पत्र्याच्या अर्धगोल निसन हटमध्ये दिवस काढले. मग लोकमान्यनगर, गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती झाल्या आणि एका वाड्यातली बिऱ्हाडे चार दिशांना गेली. पेठेत आडनाव सांगितले की घर सापडे, इथे खोलीचा नंबर सांगावा लागे. ओळखी झाल्या त्या आपल्या सार्वजनिक नळावर, तंटे करता करता. भांडायला तरी नाव विचारावेच लागते! आश्विनात भोंडला सुरू झाला, पण खिरापतीला आपापल्या ओळखीच्याच बायका बसत.

आपल्या रांगेत शेवटच्या खोलीत एक बाई राहत. यजमान पुरात गेलेले. बायका पहाटे नळावर असत तेव्हा सगळ्यांची पोरे त्यांच्याकडे. पहिल्या संक्रांतीला मात्र हळदीकुंकवाचे बोलावणे त्यांना कोणी केले नाही. पोरे सांभाळायची त्यांनी, आणि वाण लुटायचे आपण! सासूबाईंच्या आईला ते सोसवेना. भरला समारंभ तसाच ठेवून त्या वाण आणि तिळगूळ घेऊन त्या खोलीत गेल्या. निम्म्या बायका उठून घरी गेल्या. दोघी-तिघींनी तर वर्षभर अबोला धरला. पण पुढल्या वर्षी बोलावणे निघाले ते 'तिळगूळ समारंभ' म्हणून, घराघरांत, कोणतेही दार न वगळता.

आपल्या मंडळाच्या चिठ्ठीवर आजही तेच शब्द असतात. आता बैठी घरे पाडून उंच इमारती उठत आहेत. नळ ज्याच्या त्याच्या घरात. नव्या बिऱ्हाडांना आपली नावे ठाऊक नाहीत, आपल्याला त्यांची. गेल्या संक्रांतीला मी चिठ्ठी घेऊन सातव्या मजल्यावर गेले. दार उघडणारी मुलगी तिशीची असेल. चिठ्ठी दोनदा वाचून तिने हळूच विचारले, "काकू, मी आले तर चालेल ना?"

मी तिला सासूबाईंच्या शेजारी बसवले.