आदरणीय एन्रिके शॉ : एक ख्रिस्ती उद्योजक

अर्जेंटिनाचे उद्योजक एन्रिके शॉ यांचा जन्म २६ फेब्रुवारी १९२१ रोजी पॅरिस येथे झाला. १९४५ साली नौदलातील अधिकारपद सोडून कामगार होण्याचा त्यांचा मानस होता. मात्र एका धर्मगुरूंच्या सल्ल्याने ते उद्योगक्षेत्रात शिरले. रिगोलो काच कारखान्यातील सुमारे १२०० कामगारांच्या कपातीस त्यांनी ठाम विरोध केला. १९५२ साली त्यांनी ख्रिस्ती उद्योजकांची संघटना स्थापन केली. पत्नी सेसिलिया व नऊ मुले असा त्यांचा प्रपंच होता. कर्करोगाच्या आजारात त्यांच्यासाठी सुमारे २६० कामगारांनी रक्तदान केले. आपल्या देहात कामगारांचे रक्त वाहते, याचा त्यांना आनंद वाटे. २७ ऑगस्ट १९६२ रोजी ते प्रभुचरणी विलीन झाले. पोप फ्रान्सिस यांनी २०२१ साली त्यांना ‘आदरणीय’ घोषित केले.