शालजोडी आणि भिजत घोंगडे

छत्रपती संभाजीनगरात कापडाची भाषा दरबारी. हिमरू हे नाव फारसी, त्याचा अर्थ ‘सारखा दिसणारा’ असा सांगतात. कशासारखा, तर किनखापासारखा. मशरू अरबी, म्हणजे शरियतला चालणारा: रेशीम अंगाला लागू नये म्हणून आतल्या बाजूला सूत. शाल फारसी आणि पश्मिनाही. ‘पश्म’ म्हणजे लोकरच. गुलमंडीचा बाजार मागे टाकून रानात मेंढ्यांच्या वाड्यापाशी जावे, तर तिथे मेंढ्या कोंडायची जाळीची वाघूर, लेंड्या, कातरणी, घोंगडी.

संस्कृत ‘ऊर्णा’चे हिंदीत ‘ऊन’ झाले. आपले ऊन मात्र ‘उष्ण’पासूनचे, आभाळातले. मेंढीच्या अंगावर आपण लोकर ठेवली. जुन्या लेखनातले ‘लोंकर’ पाहिले की त्या अनुस्वारात ‘लोम’ ओळखू येतो. कांबळे त्याहून जुनाट. ‘कंबल’ अथर्ववेदात आहे आणि बुद्धाच्या काळातला अजित केसकंबली तर केसांच्या कांबळ्यावरूनच ओळखला जाई. सगळ्यांत गमतीचा ‘बुरणूस’. अरबीत तो टोपीचा झगा. मराठीत येईतो टोपी गळाली, झगाही गेला आणि न विणता कुटून घट्ट केलेले लोकरीचे जाड कापड तेवढे उरले.

शब्दांनाही मानपान असतो. सत्काराला शाल-श्रीफळ. टोमणासुद्धा सभ्यपणे मारायचा तर शालजोडीतला. घोंगडे मात्र नको असताना गळ्यात पडते, नाहीतर वर्षानुवर्षे भिजत राहते. मला हा उघड पक्षपात वाटतो. दख्खनी मेंढीची लोकर राठ. धनगराने कातरायची, सणगराने चिंचोक्याची खळ देऊन मागावर विणायची. असे घोंगडे भिजले की जड होते आणि लवकर वाळत नाही, हे खरे. पण ते भिजते कशाने? खोळ करून डोक्यावर घेतलेला माणूस भर पावसात कळपामागे उभा असतो म्हणून. शालजोडीला ही पाळी कधी आली?

या सगळ्यांत माझा आवडता शब्द ‘जावळ’. बाळाचे पहिले केस ते जावळ, आणि कोकराची पहिली लोकर तीही जावळच. जावळाची घोंगडी मऊ म्हणून तिला भाव जास्त. बाळाचे जावळ काढायला मामाची मांडी लागते, कोकराला नुसती कातर. शब्द एकच, तो घरातून वाड्यावर गेला की वाड्यावरून घरात आला, यावर वाद घालायला मला आवडेल.

आता राठ लोकरीला गिऱ्हाईक कमी. कातरणीची मजुरीही सुटत नाही. जत तालुक्याकडची माडग्याळ मेंढी मांसासाठी पाळली जाते. तिच्या अंगावर लोकर जवळजवळ नसतेच, त्यामुळे तिच्या कोकराचे जावळ कोणी काढत नाही.