कंपवाताच्या गोळीत आतड्यातील जिवाणूंचाही वाटा

पाटन (जबलपूर) : कंपवाताच्या, म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णाला दिल्या जाणाऱ्या नेहमीच्या गोळीत दोन घटक असतात. लेव्होडोपा मेंदूत पोहोचून डोपामाइन बनतो. कार्बिडोपा हे रूपांतर वाटेतच होऊ देत नाही. जबलपूर जिल्ह्यातील पाटन असो वा पुणे, गोळी तीच. तरीही एका रुग्णाला तिने कित्येक तास आराम पडतो, तर दुसऱ्याचे हात तासा-दोन तासांत पुन्हा थरथरू लागतात. आजार किती जुना, पोट किती वेळात रिकामे होते, अशी याची अनेक कारणे आहेत. त्यांपैकी एक आतड्यातील जिवाणू आहेत, असे गेल्या काही वर्षांतील संशोधन सांगते.

अमेरिकेतील हार्वर्ड आणि कॅलिफोर्निया विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१९ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात त्याचा उलगडा केला. एन्टेरोकॉकस फिकॅलिस हा आतड्यात सर्रास आढळणारा जिवाणू लेव्होडोपाचे तेथेच डोपामाइन करून टाकतो. एगरथेला लेन्टा हा दुसरा जिवाणू त्या डोपामाइनचेही वेगळ्या रसायनात रूपांतर करतो. आतड्यात तयार झालेले डोपामाइन मेंदूत शिरू शकत नाही; ते रुग्णाच्या कामी येत नाहीच, उलट मळमळीसारखा त्रास देऊ शकते. कार्बिडोपा मानवी शरीरातील विकराला रोखतो, जिवाणूच्या विकरापुढे मात्र तो जवळजवळ निष्प्रभ ठरतो. या जिवाणू-विकराला अडवणारा एक रेणूही याच संशोधकांनी शोधला आणि तो दिल्यावर उंदरांच्या रक्तात लेव्होडोपाचे प्रमाण वाढले. उंदरांपासून औषधाच्या दुकानापर्यंतचा पल्ला अद्याप बाकी आहे.

आजाराचा उगमच पोटात असावा का, हा प्रश्न याहून अवघड आहे. जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये या विकाराचे वर्णन केले तेव्हापासून बद्धकोष्ठतेची नोंद आहे. पुढे असे दिसले की, अनेकांना हा त्रास हात थरथरू लागण्याच्या कित्येक वर्षे आधीच सुरू होतो. जर्मन शरीररचनातज्ज्ञ हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये असे गृहीतक मांडले की, विकृत प्रथिन आतड्याच्या चेतांमधून व्हेगस चेतेच्या मार्गाने मेंदूकडे सरकते. त्याला बळ मिळाले २०१६ मध्ये. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत, अल्फा-सायन्युक्लिन हे प्रथिन जास्त प्रमाणात बनवणारे उंदीर जिवाणूविरहित ठेवले असता त्यांच्या हालचालीतील दोष कमी राहिले. कंपवाताच्या रुग्णांचे आतड्यातील जिवाणू त्यांच्यात सोडल्यावर ते वाढले. तथापि सर्वच रुग्णांत आजार पोटातूनच सुरू होतो, असे पुरावे सांगत नाहीत.

याच आधारावर निरोगी दात्याच्या विष्ठेतील जिवाणू रुग्णाच्या आतड्यात सोडण्याचा उपचार पुढे आला. कल्पना किळसवाणी वाटली, तरी क्लॉस्ट्रिडियम डिफिसाइल या हट्टी संसर्गावर तो मान्यताप्राप्त आहे. बेल्जियममधील घेंट येथे ४६ रुग्णांवर झालेल्या चाचणीत वर्षभरानंतर हालचालीत सौम्य सुधारणा दिसली. फिनलंडमधील जवळपास तेवढ्याच आकाराच्या चाचणीत मात्र सहा महिन्यांनंतर निष्क्रिय उपचाराच्या तुलनेत लाभ आढळला नाही, उलट पोटाचे त्रास अधिक झाले. दोन्ही निष्कर्ष २०२४ मधलेच. दाता कोण, जिवाणू कोठे सोडले आणि किती वेळा, यावरून फरक पडत असावा. अशा स्थितीत पैसे घेऊन हा उपचार कंपवातावर देऊ करणाऱ्यांपासून रुग्णाने दूर राहणेच योग्य.

भारतीय रुग्णांच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. फिनलंडच्या संशोधकांना २०१५ मध्ये रुग्णांच्या आतड्यात प्रिव्होटेला या गटाचे जिवाणू कमी आढळले आणि त्याकडे निदानाची खूण म्हणून पाहिले जाऊ लागले. परंतु भोपाळच्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेने २०१९ मध्ये मध्य प्रदेश व केरळमधील ११० निरोगी व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा मध्य भारतातील शाकाहारप्रधान लोकांत प्रिव्होटेलाचेच प्राबल्य दिसले. ज्या आतड्यात हा जिवाणू मुळातच मुबलक आहे, तेथे युरोपातील कमी-अधिकचे माप जसेच्या तसे लावता येणार नाही. गहू, डाळ आणि पाटन परिसरातला मटार खाऊन वाढलेल्या माणसाचे माप येथेच ठरवावे लागेल.

संशोधन चालू राहील. रुग्णाला आज उपयोगी पडणारी गोष्ट साधी आहे. आहारातील प्रथिनांतून येणारी अमिनो आम्ले आणि लेव्होडोपा आतड्यातून एकाच दाराने शोषली जातात. म्हणून दूध, पनीर किंवा डाळीच्या जेवणासोबत गोळी घेण्याऐवजी साधारण अर्धा तास आधी घेण्याचा सल्ला दिला जातो. रिकाम्या पोटी मळमळत असेल तर एखादे बिस्किट चालते. बद्धकोष्ठता डॉक्टरांना सांगण्यात संकोच नसावा. ती औषधाच्या शोषणातही अडथळा आणते. आजार वाढलेल्या काही रुग्णांसाठी पंपाद्वारे औषध थेट लहान आतड्यात किंवा त्वचेखाली सोडण्याचे पर्याय जगात उपलब्ध आहेत, पण ते खर्चिक आहेत.

खाजकुयलीच्या बियांचा उल्लेख येथे अटळ आहे. हिंदी भाषक तिला केवाँच म्हणतात. तिच्यात लेव्होडोपा आहे, हे दोन भारतीय संशोधकांनी १९३७ मध्येच दाखवून दिले होते. वनस्पती आहे म्हणून ती निर्धोक, असा समज मात्र चुकीचा आहे : लेव्होडोपा तोच, त्याला वाटेत फोडणारे जिवाणूही तेच, आणि बियांच्या चूर्णात मात्रा किती हे दर वेळी सारखे नसते. गोळ्या चालू असताना चूर्ण सुरू केल्यास डोस नकळत वाढतो. ते घेत असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.