साथ, साबण आणि कल्याणचं पाणी

किल्ले आणि तह यांच्यावर बरंच बोलून झालं, आज जरा मोरीत डोकावू. साथ आली की घरातलं पाणी कसं बदलतं, हा आजचा विषय.

मार्च २०२० आठवा. महिन्याच्या मध्यावर कल्याणमध्ये पहिला रुग्ण सापडला. १३ तारखेला केंद्र सरकारने मास्क आणि सॅनिटायझर जीवनावश्यक वस्तूंच्या यादीत टाकले. २२ ला जनता कर्फ्यू, आणि त्यापाठोपाठ लोकल बंद. कुणाला फोन लावला की आधी खोकला ऐकू यायचा, मग सूचना: साबणाने हात धुवा, वीस सेकंद. घराघरात दुधाची पिशवी साबणाने धुतली जात होती, भाजी मिठाच्या पाण्यात बुडत होती, आणि काही उत्साही मंडळींनी तर नोटासुद्धा धुवून दोरीवर वाळत घातल्या.

त्या दिवसांतल्या पाण्याबद्दल बोलताना सगळे हातांबद्दल बोलतात. लोकलबद्दल कुणी बोलत नाही. माझ्या मते खरी गोष्ट लोकलची आहे.

आधी हातांचा हिशोब करू. मी आमच्या बेसिनच्या नळाखाली १५ लिटरची बादली लावून बघितली, अडीच मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला ६ लिटर. हात ओले करणं, वीस सेकंद साबण चोळणं आणि खळखळून धुणं, असे मिळून साधारण चाळीस सेकंद धरा. नळ चालू ठेवला तर ४ लिटर. साबण चोळताना बंद केला तर २. आणि नळाऐवजी तांब्याने पाणी घेतलं तर अर्ध्या लिटरात काम भागतं. आता चार माणसं, दिवसाला दहा वेळा. चालू नळाखाली १६० लिटर, नळ बंद करून ८० आणि तांब्याने २०. एकच काम, तेच हात, आणि फरक आठपट.

शहरात मलनिस्सारणाची व्यवस्था असेल तर माणशी दिवसाला १३५ लिटर, असं केंद्राचं प्रमाण आहे. चौघांचे ५४० होतात. त्यातले १६० नुसत्या हातांना गेले तर जवळपास तीस टक्के झाले.

आता लोकल. कल्याण-डोंबिवली हे झोपायला घरी येणाऱ्यांचं शहर आहे, यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. सकाळची ७:४२ पकडली की माणूस रात्री नऊला परत. मधल्या वेळात तो जे पाणी वापरतो, म्हणजे ऑफिसचं टॉयलेट, चहा, कँटीनमधली ताटं, ते मुंबई महापालिकेचं पाणी. आणि ते पाणी येतं कुठून? भातसा, तानसा, मोडकसागर. म्हणजे आपल्याच ठाणे जिल्ह्यातून, शहापूर तालुक्यातून. तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात आणि शेजारून मुंबईच्या जलवाहिन्या जातात. घरी आल्यावर मात्र आपण उल्हास नदीचं पाणी वापरतो, मोहिलीहून उचललेलं. भर उन्हाळ्यात उल्हासला जे पाणी दिसतं त्यातलं बरंचसं टाटांच्या भिवपुरी वीजकेंद्रातून सुटलेलं असतं. हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. ते पाणी मूळचं घाटमाथ्यावरचं, मावळातल्या आंध्र धरणाचं. आपोआप वाहिलं असतं तर भीमेत गेलं असतं. वीज करण्यासाठी ते कोकणात वळवलं, आणि त्यावर कल्याण तहान भागवतं.

लोकल बंद झाली तेव्हा हजारो माणसांचा दिवसभराचा पाणीवापर एका रात्रीत भातसावरून उल्हासवर आला. घरातले दोघं नोकरीवाले घरी थांबले की प्रत्येकी तीन-चार जादा फ्लश, दुपारच्या जेवणाची जादा भांडी, तीनदा चहा. एका फ्लशला ८-१० लिटर धरले तर दोघांचे नुसते फ्लशच ६०-७० लिटरच्या घरात. जाहिराती होत्या वीस सेकंदांच्या, आणि टाकी रिकामी होत होती संडासात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेव्हा जी भांडणं झाली, त्यात कोण किती वेळ हात धुतो यावर एकही नव्हतं. सगळी होती ती दुपारी दोनला पाणी का गेलं यावर.

हे फक्त आपल्याकडे नाही. दक्षिण ब्राझीलमधल्या जॉइनव्हिल नावाच्या शहरात संशोधकांनी मीटरचे आकडे तपासले. निर्बंध लागल्यावर घरगुती वापर ११ टक्क्यांनी वाढला आणि व्यापारी वापर ४२ टक्क्यांनी पडला. पाण्याने फक्त पत्ता बदलला.

आणि सवय? शिकागोच्या एका मोठ्या रुग्णालयात साबणाच्या आणि सॅनिटायझरच्या डबड्यांना सेन्सर होते, त्यामुळे कर्मचारी खोलीत शिरताना-निघताना हात स्वच्छ करतात का, याची नोंद आपोआप व्हायची. मार्च २०२० च्या शेवटी हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या वर गेलं. ऑगस्टपर्यंत परत निम्म्यावर. डॉक्टर-नर्सेसची ही कथा, तर आपण पिशव्या धुवायचं कधी सोडलं याची तारीख कुणाला आठवत असेल?

आता सव्वाशे वर्षं मागे जाऊ, कारण कल्याणने हे आधी पाहिलेलं आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. लाखो लोक शहर सोडून पळाले, आणि पळायचा रस्ता कल्याणवरून जायचा. रेल्वे इथे १८५४ मध्येच पोचली होती आणि पुढे पुण्याचा आणि नाशिकचा फाटा इथेच फुटतो. त्यामुळे कल्याण स्टेशन हे प्लेग तपासणीचं ठाणं झालं. गाडी थांबवायची, प्रवासी उतरवायचे, मानेला, काखेत, जांघेत गाठ आहे का ते बघायचं. बायकांनाही सोडत नसत, त्यावरून संताप झाला तो वेगळाच. फेब्रुवारी १८९७ मध्ये यासाठी साथरोग कायदा झाला. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने जो लागू केला तो हाच. पुण्यात त्या साथीत रुग्णांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरात शिरणाऱ्या सोल्जरांवरचा राग पुढे २२ जूनला रँडवरच्या गोळीपर्यंत गेला. ते आपल्याला शाळेपासून माहीत आहे.

शाळेत सांगत नाहीत ते असं, की प्लेगची सरकारी मोहीम बरीचशी धुण्याची मोहीम होती. घाण, ओल आणि अंधार यातून रोग होतो अशी समजूत. म्हणून गटारं पाण्याने आणि कार्बोलिक ॲसिडने धुतली, भिंतींना चुना मारला, जमिनी उकरल्या, कपडे-बिछाने जाळले. उंदरावरच्या पिसवांमुळे प्लेग पसरतो हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये मांडलं, आणि त्यावर विश्वास बसायला आणखी काही वर्षं गेली. तोवर वाहिलेल्या त्या सगळ्या पाण्याचा प्लेगवर काडीचा परिणाम नव्हता. उलट गटारं धुतल्याने उंदीर घरांत शिरले, असंही म्हटलं जातं. दुधाच्या पिशव्यांवर हसण्याआधी मला हे आठवतं. साथीत माणूस आधी धुतो, कारण धुणं हाताशी असतं. रोग कसा पसरतो ते नंतर कळतं.

दुसऱ्या एका रोगाने मात्र मुंबईची घरं कायमची बदलली. १९११ मध्ये डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाचा अहवाल दिला: डास घरच्या विहिरींत वाढतात. मग विहिरी बुजवायला किंवा बंदिस्त करायला सुरुवात झाली. पारशी आणि हिंदू दोघांनीही विरोध केला, विहिरीचं पाणी पूजेला लागतं म्हणून. पण शेवटी वाड्यातली विहीर गेली आणि रस्त्यावरचा नळ आला. आता पाणी केव्हा येणार हे महापालिका ठरवणार. "पाणी आलं का?" हा प्रश्न विहिरीच्या काळात कुणी विचारत नव्हतं.

साबणाकडे वळू. लाइफबॉय भारतात आला १८९५ मध्ये, प्लेगच्या एकच वर्ष आधी. दुकानदाराचं नशीब म्हणायचं. पण साबणाची एक अडचण होती, त्यात जनावराची चरबी असायची. सोवळं पाळणाऱ्या घरात तो स्वयंपाकघराच्या आसपास फिरकणं शक्य नव्हतं. तिथे राख, माती, रिठा, शिकेकाई. गोदरेजने वनस्पती तेलापासून 'चावी' साबण काढला तो १९१८ मध्ये. त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला होता आणि त्याच वर्षी इन्फ्लुएंझाने देशात एक कोटीहून जास्त माणसं नेली. त्या साथीला आणि त्या साबणाला एकमेकांशी जोडायचा मोह होतो, पण तो टाळू. साबण निघाला तो स्वदेशीच्या आणि शाकाहाराच्या जोरावर.

आपण स्वतःला फार स्वच्छ समजतो, कारण आपल्याकडे हात धुण्याला शब्दच भरपूर आहेत. आंचवणं हा किती नेमका शब्द आहे बघा, जेवण झाल्यावर हात-तोंड धुणं. पण तो जेवणानंतरचा शब्द आहे. जेवणाआधीच्या धुण्याला असा स्वतंत्र शब्द निदान मला तरी आठवत नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीची ७६ वी फेरी २०१८ मध्ये, म्हणजे कोविडच्या आधी झाली. त्यात देशातल्या ३५.८ टक्के घरांत जेवणाआधी साबणाने हात धुतले जात होते. शौचानंतर ७४.१ टक्के. जेवणाआधी नुसत्या पाण्याने धुणारी घरं ६० टक्के. जंतूला नुसतं पाणी फारसं पुरत नाही, पण परंपरेला पुरतं.

आणि परंपरेत पाणी शुद्ध करायचं ते जंतूंपासून नव्हतंच. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि हजारो लोक पाणी प्यायले. त्यानंतर तळं 'शुद्ध' केलं गेलं, कशाने? शेण आणि गोमूत्र घालून. ज्या समाजाने पाण्याला कुणी हात लावायचा हे आधी ठरवलं, त्याला हात धुवायला शिकवणं ही नुसती आरोग्याची गोष्ट कशी असेल?

तर परत कल्याणला. वरचा सगळा हिशोब मी नळ धरून केला. आता हंडा धरू. हंडा साधारण १५ लिटरचा. जाहिरातीप्रमाणे नळ चालू ठेवून हात धुवायचे तर दिवसाला दहा-अकरा हंडे फक्त हातांना. तांब्याने धुतले तरी सव्वा हंडा, आणि तो कुणीतरी डोक्यावरून आणायचा. कुणी म्हणजे बहुतेक घरात कोण, ते तुम्हाला माहीत आहे.

ही कल्पनेतली गोष्ट नाही, आपल्याच २७ गावांची आहे. ही गावं १९८३ मध्ये महापालिकेत आली, २००२ मध्ये बाहेर गेली, २०१५ मध्ये परत आत आली. आणि जून २०२० मध्ये, ऐन साथीत, त्यातली १८ गावं बाहेर काढायचा निर्णय निघाला. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. या गावांना पाणी मिळतं एमआयडीसीकडून, बारवी धरणाचं. धरणाची उंची वाढवली, २०१९ च्या पावसात वाढीव पाणी साठलंही. गावांतल्या नव्या इमारतींना आणि चाळींना मात्र टँकर. त्या वर्षी त्यांनाही फोनवर तोच खोकला आणि तेच वीस सेकंद ऐकू येत होते.

७ मे २०२२. साथ ओसरली होती, लोकल पूर्ववत झाली होती, मास्क उतरले होते. देसलेपाड्यात पाण्याची टंचाई होती, म्हणून एका घरातली माणसं संदपच्या खदाणीवर कपडे धुवायला गेली. सासू, सून आणि तीन मुलं. एक मुलगा पाण्यात बुडायला लागला, त्याला वाचवायला बाकीचे उतरले. पाचही जण गेले. डोंबिवली स्टेशनपासून ही जागा काही किलोमीटरवर आहे. पुढे पुढाऱ्यांच्या भेटी झाल्या, पाणीपुरवठ्याची आश्वासनं झाली, अमृत योजनेच्या कामाची चर्चा झाली.

पुढच्या भागात शेणाळे तलाव, म्हणजे आजचा काळा तलाव, आणि नळ येण्याआधी कल्याण पाणी कुठून प्यायचं ते बघू. दरम्यान एक काम करा. तुमच्या सोसायटीला मीटर असेल तर सेक्रेटरीकडून २०१९ आणि २०२० ची एप्रिल ते जूनची पाणीबिलं काढा आणि दोन्हींतले युनिट मला पाठवा. २७ गावांतले कुणी ऐकत असाल तर टँकरच्या पावत्या चालतील.