फोन कमी वापरता? मग आधी नंबर, नंतर प्लॅन आणि शेवटी मोबाइल बघा

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी मोबाइलच्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, "बजेट किती?" दुसरा प्रश्न सहसा येतच नाही. फोन कोण वापरणार आहे, दिवसाला किती बोलणं होतं, घरात रेंज कोणत्या कंपनीची येते, हे कुणी विचारत नाही. मग जी आजी आठवड्यातून दोनदा पुण्यातल्या लेकीशी बोलते, तिच्या फोनमध्येही दिवसाला दीड जीबी डेटाचा प्लॅन पडतो. डेटा रोज रात्री बारा वाजता वाया जातो, आणि पैसे मात्र दर 28 दिवसांनी द्यावेच लागतात.

आपल्याकडे घरटी एक-दोन माणसं तरी अशी असतातच. शेतावरून घरी फोन, नातेवाइकांशी बोलणं, बँकेचा मेसेज आणि अधूनमधून एखादा फोटो, एवढाच त्यांचा वापर. त्यांच्यासाठी फोन आणि रिचार्ज कसं निवडायचं, ते बघू.

नंबर जाऊ देऊ नका

कमी वापराच्या माणसाचं खरं नुकसान फोन महाग पडल्याने होत नाही, नंबर बंद पडल्याने होतं. आधार, बँक खातं, पीएम किसान, गॅस, सगळ्याला हाच नंबर जोडलेला असतो. घरबसल्या ई-केवायसी करायची तर ओटीपी याच नंबरवर येणार. नंबर गेला की आधार केंद्राची रांग आली. तिथे मोबाइल नंबर बदलायला 1 ऑक्टोबर 2025 पासून 75 रुपये लागतात, आणि त्यानंतर बँकेची फेरी वेगळी.

नियम काय आहे? ट्रायच्या 2013 च्या नियमानुसार, सलग 90 दिवस कॉल, मेसेज, डेटा काहीच वापर झाला नाही तरच कंपनी नंबर बंद करू शकते. त्यानंतरही खात्यात 20 रुपये किंवा जास्त शिल्लक असेल, तर कंपनी त्यातून जास्तीत जास्त 20 रुपये कापून आणखी 30 दिवस नंबर राखून ठेवते. "वीस रुपये ठेवा, सिम चालू राहतं" असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतो, तो याच नियमावरून. पण त्याचा अर्थ नीट समजून घ्या. वीस रुपयांत नंबर तुमच्या नावावर राहतो, सेवा चालू राहत नाही. प्लॅनची मुदत संपली की आउटगोइंग बंद होतं आणि थोड्या दिवसांत इनकमिंगही. म्हणजे ओटीपीच्या भरवशावर बसलात तर तो येणार नाही. नुसता दहा-वीसचा टॉपअप मारून काम भागतं हाही गैरसमजच. मुदतीचा प्लॅन नसेल तर ते पैसे खात्यात नुसते पडून राहतात.

बंद झालेला नंबर कंपनी किमान 90 दिवस दुसऱ्याला देत नाही. त्यानंतर मात्र तो कुणाच्याही हातात जाऊ शकतो, आणि तुमच्या बँकेचे मेसेज त्याच्याकडे. म्हणून घरातला जादा नंबर सोडायचाच असेल, तर आधी तो बँकेतून आणि आधारमधून काढा, मग सिम बंद होऊ द्या.

नुसत्या बोलण्याचा प्लॅन असतो, तो मागून घ्या

जुलै 2024 मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा 155 रुपयांचा 28 दिवसांचा प्लॅन 189 वर गेला. एअरटेल आणि व्हीआयचा 179 चा प्लॅन 199 वर गेला. बीएसएनएलने त्या वेळी दर वाढवले नाहीत, म्हणून बरेच लोक तिकडे पोर्ट झाले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्याला इंटरनेट नको, त्याच्यासाठी फक्त कॉल आणि एसएमएसचा प्लॅन ठेवा. अशा व्हाउचरची मुदत आधी जास्तीत जास्त 90 दिवस असायची, ती 365 दिवसांपर्यंत वाढवली. त्यानुसार जानेवारी 2025 मध्ये प्लॅन आले. जिओचे 448 रुपयांत 84 दिवस आणि 1748 रुपयांत 336 दिवस. एअरटेलचे 469 रुपयांत 84 दिवस आणि 1849 रुपयांत 365 दिवस. व्हीआयचा वर्षाचा प्लॅनही 1849 चाच. कॉल अमर्याद, एसएमएस ठरावीक, डेटा शून्य. हे आकडे तेव्हाचे आहेत, रिचार्ज करताना आजचा दर बघूनच पैसे द्या.

आता हिशोब करा. 28 दिवसांचा प्लॅन म्हणजे वर्षाला 12 नाही, 13 रिचार्ज. 199 चे 13 केले तर 2587 रुपये होतात. वर्षाचा बोलण्याचा प्लॅन 1849 ला. म्हणजे 738 रुपये वाचले. शिवाय वर्षभर तारीख लक्षात ठेवायची कटकट नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचा नंबर मध्येच बंद पडायची भीती नाही. माझ्या मते हा दुसरा फायदा पैशापेक्षा मोठा आहे.

अडचण एकच. 199 च्या प्लॅनमध्ये थोडा का होईना, 2 जीबी डेटा मिळतो. बोलण्याच्या प्लॅनमध्ये तो अजिबात नसतो. कधीतरी व्हॉट्सॲप लागणार असेल, तर या प्लॅनवर वरून डेटा व्हाउचर मारता येतं का, हे कंपनीच्या ग्राहक सेवेला आधी विचारा, मग एकरकमी पैसे भरा. एकदम अठराशे रुपये काढणं जड जात असेल तर 84 दिवसांचा घ्या. सोयाबीन किंवा कापसाचे पैसे हातात आले की वर्षाचा मारा.

हा प्लॅन दुकानाच्या बोर्डावर सहसा दिसत नाही, ॲपमध्येही खाली कुठेतरी असतो. "फक्त कॉलिंगचा" असं तोंडाने सांगावं लागतं. महिन्याच्या हिशोबानेच चालणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ट्रायच्या 2022 च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीला किमान एक प्लॅन पूर्ण 30 दिवसांचा, आणि एक दर महिन्याला त्याच तारखेला रिचार्ज करायचा ठेवावा लागतो.

आता फोन

सगळ्यात जास्त फसगत होते ती इथे: घरातल्या जुन्या 2जी कीपॅड फोनमध्ये जिओचं सिम घालून बघतात आणि "फोन बिघडला" म्हणतात. फोन बिघडलेला नसतो. जिओचं 2जी नेटवर्कच नाही, त्याला 4जी व्होल्टी असलेला फोन लागतो. जुना कीपॅड फोन एअरटेल, व्हीआय, बीएसएनएलच्या 2जीवर चालतो. नुसतं बोलायचं असेल आणि तो फोन चांगला असेल, तर नवीन घ्यायची गरजच नाही.

नवीन कीपॅड घ्यायचा तर 4जीचाच घ्या. जिओभारत व्ही2 जुलै 2023 मध्ये 999 रुपयांना आला, त्यावर यूपीआय चालतं आणि त्याचा 28 दिवसांचा प्लॅन 123 रुपयांना होता. पण त्यात फक्त जिओचंच सिम चालतं. तुमच्या वस्तीवर जिओची रेंज नसेल तर तो खेळणंच.

रेंजचं म्हणाल तर कंपन्यांनी आता वेबसाइटवर नेटवर्कचे नकाशे टाकलेत. ते बघा जरूर, पण नकाशाला तुमच्या घराच्या दगडी भिंती आणि पत्रा माहीत नसतो. शेजाऱ्याचा फोन घ्या, घरात आतल्या खोलीत आणि शेतात विहिरीपाशी, दोन्हीकडे एकेक कॉल लावून बघा. बीएसएनएलचं स्वतःचं 4जी नेटवर्क सप्टेंबर 2025 मध्ये देशभर सुरू झालं. त्यासाठी फोनमध्ये 700 मेगाहर्ट्झ, म्हणजे बँड 28 आहे का, ते विचारून घ्या.

स्मार्टफोन कधी लागतो? शेतकऱ्याला बांधावर उभं राहून ई-पीक पाहणी करायची असते, पिकाचा फोटो जागेच्या नोंदीसह टाकायचा असतो. तिथे कीपॅड चालत नाही. मुलाबाळांशी व्हिडिओ कॉल असेल तरी स्मार्टफोनच.

दुकानात "आठ जीबी रॅम" असं सांगतील. बॉक्सवर "4+4" लिहिलंय का बघा. त्यातले चारच खरे असतात, बाकीचे चार फोनच्या स्टोरेजमधून उसने घेतलेले. त्याला व्हर्च्युअल रॅम म्हणतात, आणि त्याने फोन दुप्पट चालत नाही. खरी 4 जीबी रॅम आणि 64 जीबी स्टोरेज कमी वापराला पुरतं. त्याहून कमी घेतलं तर सकाळच्या शुभेच्छांच्या फोटोंनीच फोन वर्षभरात भरतो. मेगापिक्सेलच्या मागे लागू नका, त्या पैशात कव्हर आणि काच येते. 5जीसाठी जादा पैसे मोजायचीही गरज नाही. जुलै 2024 च्या दरवाढीनंतर अमर्याद 5जी दिवसाला 2 जीबीवाल्या मोठ्या प्लॅनवरच मिळू लागलं, आणि तो प्लॅन तुम्ही घेणारच नाही.

जुना स्मार्टफोन विकत घेत असाल तर एक काम पैसे देण्याआधी करा. फोनवर *#06# दाबा, 15 आकडी आयएमईआय नंबर दिसेल. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग एक जागा सोडून तो नंबर लिहा आणि 14422 वर पाठवा. फोन कोणत्या कंपनीचा, कोणत्या मॉडेलचा आणि ब्लॅकलिस्ट झालेला आहे का, ते कळतं. चोरीचा निघाला तर सरकार तो फोन सगळ्या नेटवर्कवर बंद करतं, आणि पैसे तुमचे जातात. नवीन फोन असला तरी पक्कं बिल घ्या आणि त्यावर आयएमईआय लिहून घ्या.

कंपनी बदलायची असेल तर

मेसेजमध्ये इंग्रजीत पोर्ट लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहा आणि 1900 वर पाठवा. आठ अक्षरी कोड येतो, तो चार दिवस चालतो. त्याच सर्कलमध्ये तीन कामाच्या दिवसांत नंबर बदलतो. आपला महाराष्ट्र-गोवा सर्कल वेगळा आणि मुंबईचा वेगळा, त्यामुळे मुंबईहून आणलेलं सिम इकडे पोर्ट करायला पाच दिवस लागू शकतात. आधीच्या कंपनीत 90 दिवस झालेले हवेत, आणि नुकतंच सिम बदललं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुना शिल्लक बॅलन्स आणि प्लॅन पोर्ट केल्यावर बुडतो, म्हणून वर्षाचा प्लॅन मारून लगेच कंपनी बदलू नका.

स्मार्टफोन घेऊन थोडाच डेटा ठेवणार असाल तर घरी आल्यावर पहिल्याच दिवशी व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये फोटो-व्हिडिओ आपोआप डाउनलोड होणं बंद करा. प्ले स्टोअरमध्ये ॲप अपडेट "फक्त वायफायवर" ठेवा. घरी वायफाय नसेल तर मुलगा सुट्टीला आला की त्याच्या हॉटस्पॉटवर फोन जोडा आणि सगळे अपडेट उरकून घ्या.