काळ्या रानापर्यंत

परभणीजवळच्या काळ्या रानात उभे राहा आणि सुमारे ६.६ कोटी वर्षं मागे जा. पायाखाली ढेकूळ नाही, धसकट नाही. जमिनीच्या भेगांतून लाव्हा वर येतोय, दूरवर पसरतोय, थिजतोय. हा सगळा भूभाग अजून विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. एका थरावर दुसरा थर यायला कधी इतका अवधी जातो की वरचा दगड कुजून तांबडा होतो आणि मग नवा लाव्हा त्याला गाडून टाकतो. घाटात काळ्या पाषाणांच्या मधे विटकरी पट्टे दिसतात ना, त्यातले कित्येक असेच गाडले गेलेत.

आता उद्रेक थांबल्यानंतरच्या एखाद्या पावसाळ्यात या. कातळावर हात ठेवा. पडणाऱ्या थेंबाने हवेतला कार्बन डायऑक्साइड सोबत आणलाय, त्यामुळे तो किंचित आम्ल आहे. चिरेत शिरून तो फेल्डस्पार आणि पायरॉक्सिन ही खनिजं पोखरतो. सोडियम, कॅल्शियम पाण्याबरोबर सुटतं. मागे राहिलेल्या सिलिका आणि ॲल्युमिनियमची नवी जुळणी होते, तीच चिकणमाती. तिचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक. गोट्याचे कोपरे आधी झिजतात, म्हणून तो कांद्यासारखा पापुद्र्यांनी सुटतो. नखाने खरवडलात तर मुरूम हाताशी येईल.

हाच दगड कोकणातल्या धुवाधार पावसात सापडला, तर सिलिकाही वाहून जाते, लोह आणि ॲल्युमिनियम राहतं आणि जांभा तयार होतो. इथे पाऊस बेताचा, म्हणून चुना जमिनीतच खड्यांच्या रूपाने साठतो.

पुढची कोट्यवधी वर्षं झरझर ओलांडा. त्या काळातली बरीचशी माती कधीच समुद्राला मिळाली. आजची काळी त्या मानाने अलीकडची, हजारो वर्षांत मोजण्याजोगी. उंचवट्यावरून बारीक गाळ उतरला, सखल भागात साचला; वर बरड उरलं.

मे महिन्यात थांबा आणि वाकून भेगेत हात घाला. कोपरापर्यंत सहज जाईल. वरची भुसभुशीत माती, काडीकचरा त्याच भेगेत ओघळतोय. पाऊस पडला की चिकणमाती फुगते, भेगा मिटतात आणि आतली माती दाबाने वर सरकते. ही जमीन स्वतःचीच उलथापालथ करत राहते, आणि मला तिचं हेच फार मोठं वाटतं. रंगावरून मात्र ती सेंद्रिय कर्बाने भरलेली आहे असं समजू नका. तो बहुतेक ठिकाणी एक टक्क्याच्याही आत असतो. म्हणून शेणखत हवं, पालापाचोळा जाळायचा नाही. उताराला बांध नसेल तर वरचा थर एका मुसळधार पावसात ओढ्याला जातो आणि तो भरून यायला कित्येक पिढ्या लागतात.

मृगाचा पाऊस झालाय. चिखल पायाला चिकटतोय, कणांमधली सगळी पोकळी पाण्याने व्यापलीय, मुळाला हवा नाही. तिफण आज बाहेर काढू नका. पाणी थोडं उतरून हवा आत येऊ द्या, मूठभर माती हातात घेऊन दाबून बघा, आणि वाफसा आला की पेरा.